वीस फुटांचा खुलासा

सकाळी साडेनऊच्या सुमारास फोन आला तेव्हा मी कार्यालयाकडे निघालो होतो. पलीकडून वडील बोलत होते. "नऊ वाजून गेले, खाली नळ नाय वाजला. म्हणून गेलो खाली." मग "दत्ता गेला," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

दत्ता म्हणजे दत्तात्रय, माझे सख्खे काका. आम्ही त्यांना नाना म्हणत असू. वय चौसष्ट, विमानतळावरून निवृत्त झालेले हवामान निरीक्षक. झोपेतच हृदय बंद पडले, असे डॉक्टरांनी लिहून दिले. काकू बऱ्याच वर्षांपूर्वी गेल्या होत्या आणि मूलबाळ नव्हते. नाना तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत राहत. माझे वडील, अण्णा, त्यांच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठे. ते आईसह वरच्या मजल्यावर राहतात. दोघांच्या मध्ये अठरा पायऱ्यांचा एकच जिना आहे. अण्णा त्या पायऱ्या रोज उतरत. पण नानांच्या दारातून आत गेले ते त्या सकाळी, चौदा वर्षांनी. एवढ्या काळात भावाचे नावही त्यांच्या तोंडून आले नव्हते. बोलण्यात नाना यायचे ते 'खालचे' म्हणून.

नाना गेल्याला आता पाच आठवडे झाले. एरवी अशा लेखात गेलेल्या माणसाचे गुण सांगायचे असतात. नानांचे गुणही सांगण्यासारखे आहेत. पण मला एक चूक दुरुस्त करायची आहे. ती माझी आहे आणि तिच्यामुळे दोन म्हातारी माणसे एका घरात अडकून पडली.

आमचे घराणे मेंढपाळांचे. आजोबांनी शेवटपर्यंत मेंढ्या राखल्या. माळावर दूर हलणारा ठिपका मेंढी आहे, कुत्रा आहे की माणूस, आणि तो किती लांब आहे, हे त्यांना नेमके कळे, असे सांगतात. ती नजर नानांकडे आली. शिक्षण झाल्यावर त्यांना विमानतळावर नोकरी लागली ती पाहण्याचीच. दर अर्ध्या तासाने गच्चीवर जायचे, ठरलेल्या खुणा पाहायच्या आणि कुठवर दिसते ते कळवायचे. जवळची खूण बंद कारखान्याचे धुराडे, लांबची खूण शहराच्या दक्षिणेला असलेला साताऱ्याचा डोंगर. ढगांचा तळ किती उंचीवर आहे, तेही सांगायचे. घरी सुट्टीच्या दिवशीही ते सकाळी सातला गच्चीवर जात आणि एका वहीत दोन-तीन ओळी लिहीत. लहानपणी मी बरोबर असे. एकदा मी म्हणालो, "नाना, डोंगर आहे तिथंच, लिहून टाका की." ते म्हणाले, "हाय ते समद्यांनाच ठाव हाय. दिसतो का, ते सांग." मी डोळे ताणून पाहिले. दिसत नव्हता. "नाय," म्हणालो. "मग तेवढंच लिही," नाना म्हणाले.

माझ्या पत्रकारितेचे शिक्षण खरे तर तिथेच झाले. ते मी किती विसरलो होतो, ते पुढे येईल.

अण्णा शेंद्र्याच्या एका कारखान्यात फिटर होते. त्यांनी हातातल्या पैशांतून जुने घर पाडून नवे बांधायला काढले तेव्हा मी मुंबईत एका दैनिकात नोकरीला होतो. आमची वस्ती विमाने उतरतात त्या रेषेच्या जरा बाजूला आहे. तिथे किती उंच बांधायचे याला मर्यादा असते. कागदपत्रांच्या मागे लागण्यापेक्षा अण्णांनी भावाला विचारले, कारण घरातच विमानतळावरचा माणूस होता. नानांनी एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर हिशेब करून आकडा दिला आणि अण्णांनी त्या आकड्यापर्यंत बांधले. दोन मजले आणि गच्चीवर चार खांब उभे करून पाण्याची टाकी. टाकी उंच हवी हा अण्णांचा हट्ट होता. जन्मभर हंडे वाहिलेल्या बायकोच्या नळाला जोराची धार आली पाहिजे, असे ते म्हणत. आणि आलीही. आई पहिले काही दिवस पाहुण्यांना नळ सोडून दाखवत असे.

नानांच्या हिशेबात चूक होती. मर्यादेचा आकडा समुद्रसपाटीपासून दिलेला असतो. त्यातून आपल्या जागेची उंची वजा केली की जमिनीपासून किती बांधता येईल ते कळते. नाना इतकी वर्षे नोकरीत रोज विमानतळाच्या उंचीनेच वजाबाकी करत होते. ती संख्या त्यांच्या हातात बसलेली होती आणि लग्नपत्रिकेवर तीच उतरली. आमची जागा उंचवट्यावर आहे, विमानतळाहून दोन मीटर वर. म्हणजे टाकी दोन मीटर जास्त झाली. हे त्यांच्या लक्षात आले ते घर बांधून वर्ष होत आल्यावर, कामावरच्या गच्चीतून नेहमीच्या खुणा पाहताना. ओळखीच्या क्षितिजावर त्यांना एक नवी टाकी दिसली. ती आपली आहे हे त्यांनी ओळखले आणि ती असायला हवी त्यापेक्षा वर आहे हेही ओळखले.

त्यानंतरचे संभाषण माझ्यासमोर झाले. मी दिवाळीला घरी आलो होतो. नाना कामावरून आले ते कपडेही न बदलता वर आले.

"दादा, टाकी खाली घ्यावी लागंल."

अण्णा चहा पीत होते. "का रं?"

"माझं चुकलं. जागेची उंची धरायची ऱ्हायली. दोन मीटर जास्त झालंय."

"दोन मीटरनं इमान अडकतंय व्हय? आपल्या टाकीला?"

"अडकत नाय. पर त्यांचा आकडा वर जातो."

"जाऊ दे की वर. तुला कुणी इचारलंय का?"

"नाय."

"मग गप बस की लेका!"

"कुणी इचारत नाय म्हणूनच सांगावं लागतंय, दादा," नाना म्हणाले.

अण्णांनी कप खाली ठेवला. "बांध म्हणणारा तूच आन् पाड म्हणणारा बी तूच. तुझ्या वहिनीला सांग मग. धार बंद करायला आलोय म्हणावं."

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. नाना तिच्याकडे न पाहता खाली गेले.

आकडा म्हणजे काय, ते त्या दिवशी संध्याकाळी नानांनी मला सांगितले. विमान ढगांतून किंवा धुक्यातून यंत्रांच्या आधाराने खाली येते तेव्हा त्या उतरण्याला एक किमान उंची ठरवलेली असते. खालच्या जमिनीवर काय काय उभे आहे, टाक्या, मनोरे, झाडे, हे मोजून ती ठरते. त्या उंचीपर्यंत वैमानिकाला धावपट्टी किंवा तिचे दिवे दिसले तर त्याने उतरावे. नाही दिसले तर पुन्हा वर जावे. जरा अजून खाली जाऊन बघू, असे तिथे चालत नाही. "तिथं पोचल्यावर इचार कराया येळ नसतो," नाना म्हणाले, "म्हणून इचार आधीच करून ठेवलेला असतो. त्या आकड्यात." मी विचारले, आपल्या टाकीमुळे तो किती वर जाईल? "वीस फूट. दोन मीटरचे सातच फूट व्हत्यात, पर आकडा टप्प्यानं चढतो." मी हसलो. खाली येणाऱ्या विमानाला वीस फूट म्हणजे जेमतेम दोन सेकंद. नाना हसले नाहीत. "पंधरा दिवस वाट बघतो," ते म्हणाले. "दादानं काढली तर काढली."

अण्णांनी काढली नाही. सोळाव्या दिवशी नानांनी विमानतळाच्या कार्यालयात अर्ज दिला. त्यात टाकीच्या मालकाचे नाव, भावाशी असलेले नाते आणि हिशेबातली स्वतःची चूक, तिन्ही लिहिले होते. मोजणीची माणसे आली, नोटीस आली. अण्णांनी वकील गाठला आणि तारखा सुरू झाल्या. तोपर्यंत टाकी उभी राहणार होती, म्हणून त्या बाजूने उतरण्याची किमान उंची वीस फुटांनी वाढवण्यात आली. दोघे भाऊ तेव्हा बोलत होते, पण भांडणापुरते.

त्याच हिवाळ्यात माझा साखरपुडा ठरला. मुलगी देवगाव रंगारीची. तिचे वडील साहेबराव कारखान्यात अण्णांचे जोडीदार होते. तीस वर्षांची मैत्री आणि एकाच डब्यातले जेवण. मुहूर्त सकाळी अकराचा होता. मला रजा एकाच दिवसाची मिळाली, म्हणून रात्रपाळी संपवून मी मुंबईहून सकाळच्या विमानाने निघालो. तो माझा पहिला विमानप्रवास होता. सामानात नवा सदरा आणि आईने मागवलेले पेढे होते.

उतरायची सूचना झाली. तेव्हाच्या नावाने, औरंगाबाद. खिडकीबाहेर सगळे राखाडी होते. चाके बाहेर आल्याचा आवाज झाला, विमान खाली जात राहिले आणि खिडकीतले राखाडी तसेच राहिले. मी मनात आकडा धरून बसलो होतो. खाली कुठेतरी आमची टाकी होती, तिच्याखाली मांडव होता, मांडवात माझी माणसे होती. मी पट्ट्याने बांधलेला होतो आणि मला करण्यासारखे काहीही नव्हते. अचानक इंजिने मोठ्याने ओरडली, पाठ आसनात दाबली गेली आणि विमान वर निघाले. पलीकडच्या आसनावरचे, आपल्याच शहरातले एक वयस्कर गृहस्थ संतापले. "अरे घर के ऊपर से वापस ले जा रा! हौला है क्या?" 'हौला', म्हणजे वेडा, ऐकून काही लोक हसले. वैमानिकाने शांतपणे सांगितले, धावपट्टी दिसली नाही, आपण मुंबईला परत जात आहोत.

मुंबईला उतरल्यावर मी घरी फोन लावला. आईने तो अण्णांकडे दिला. पाठीमागे माणसांचा कालवा ऐकू येत होता.

"कशामुळं फिरलं?" अण्णांनी विचारले.

"किमान उंचीपर्यंत धावपट्टी दिसली नाही."

"किमान उंची म्हंजी... आपला आकडा?"

मी "हो" म्हणालो.

तेवढेच. वाक्यातला शब्द न् शब्द खरा होता. पण अण्णांनी विचारले होते ते कारण. जुन्या आकड्याला धावपट्टी दिसली असती का, हे मला माहीत नव्हते. बातमीत असे वाक्य कोणी लिहून आणले असते तर मी ते परत पाठवले असते. फोनवर मी "हो" म्हणालो. मी दमलो होतो, चिडलो होतो आणि कोणालातरी दोष द्यायचा होता.

पाहुण्यांनी दुपारी दोनपर्यंत वाट पाहिली. मुलीचे आजोबा म्हणाले, "वरूनच नाय म्हणतंय, आपुन कशाला व्हय म्हणायचं?" मंडळी उठली. चार दिवसांनी साहेबरावांचा निरोप आला की स्थळ राहू द्या. अण्णांनी त्यांना आपल्या समजुतीप्रमाणे कारण सांगितले असावे, आपल्याच टाकीमुळे विमान फिरले म्हणून; कारण त्यानंतर कारखान्यात दोघांचे डबे वेगळे उघडू लागले. माझे लग्न पुढे दुसरीकडे झाले आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. अण्णांची मैत्री मात्र पुन्हा जुळली नाही.

साखरपुड्याच्या ठरल्या तारखेनंतर तिसऱ्याच दिवशी अण्णांनी टाकी पाडायला घेतली. वकिलाला विचारले नाही. दोन मजूर लावले आणि घण स्वतः हातात घेतला. टाकी दोराने खाली सोडताना ती कलंडू लागली तेव्हा खालून नाना धावत वर आले आणि त्यांनी दोर धरला. अण्णा म्हणाले, "हात लावू नको." नानांनी दोर सोडला. भावाशी अण्णांचे शेवटचे थेट बोलणे हेच.

टाकी गच्चीच्या फरशीवर आली आणि वरच्या मजल्यावरच्या नळाची धार करंगळीएवढी झाली. आई पुन्हा बादल्या भरून ठेवू लागली. तळमजल्यावर नानांच्या नळाला मात्र भरपूर जोर होता. आणि खालचा नळ उघडला की वरची होती ती धारही जाई. नानांनी याबद्दल कोणाला काही विचारले नाही. त्या आठवड्यापासून त्यांनी सकाळी नऊपर्यंत आपला नळ उघडला नाही. कामाच्या दिवशी आदल्या संध्याकाळी भरलेल्या बादलीवर आंघोळ उरकून जायचे. निवृत्तीनंतरही तेच. वर सगळ्यांचे आटोपले की नऊला खाली नळ वाजायचा. अण्णा हे ऐकत होते, हे मला त्या सकाळच्या फोनपर्यंत माहीत नव्हते.

वेगळे का झाले नाहीत, असे लोक विचारत. जागा दोघांच्या नावावर, घर एक, जिना एक आणि विकून दोघांना पुरेल असे काही नाही. म्हणून एकमेकांना न पाहता राहण्याची पद्धत त्यांनी बसवली. अण्णा जिन्यात उभे राहून भिंतीला म्हणत, "कुणीतरी मोटार बंद करा." खालून आवाज येई, "कुणालातरी सांगा, अजून चार मिन्टं हायेत." चार मिनिटांनी टाकी बरोबर भरलेली असे. मी पाच वर्षांनी बदलून या शहरात आलो, पण गारखेड्यात वेगळे घर घेतले. त्या घरात गेलो तरी तासाभरात मी निघायला उठत असे.

एकदाच मी नानांना विचारले. ते गच्चीवर, पाडलेल्या चार खांबांच्या मध्ये उभे राहून वही लिहीत होते. खांबांचे बुडखे आणि गंजलेल्या सळया अजून तिथे आहेत. "नाना, टाकी नसती तर त्या दिवशी विमान उतरलं असतं?" त्यांनी वही मिटली. "दादानं इचारलं तर सांगीन."

मला तेव्हाच कळायला हवे होते. विमानतळाने विचारलेले नसताना अर्ज देणारा माणूस भावाच्या प्रश्नाची वाट पाहत होता. का, ते मी सांगू शकत नाही. दोर सोडायला लावला हे त्यांना लागले असेल. किंवा टाकी खाली आली आहे, आता बोलून ती पुन्हा वर नको जायला, असे वाटले असेल. आई सांगते, टाकी पाडली त्या संध्याकाळी नाना वही घेऊन जिन्याच्या वळणापर्यंत आले होते. "काय काम होतं, भावजी?" तिने विचारले. "काय नाय वहिनी... ऱ्हाऊ द्या," म्हणून ते परत फिरले.

तेराव्यानंतर मी त्यांचे कपाट उघडले. वह्या वर्षांप्रमाणे रचलेल्या होत्या. साखरपुड्याच्या दिवसाचे पान सापडायला दोन मिनिटेही लागली नाहीत. नाना त्या सकाळी कामावर होते; तिथल्या नोंदी त्यांनी घरच्या वहीतही उतरवल्या होत्या. विमान यायच्या वीस मिनिटे आधीच्या नोंदीत धूसर का होईना, धुराडे आहे. नंतरची नोंद विमान वर गेले त्या वेळची: 'धुराडे नाही. समोरचा कुंपणाचा खांब नाही. आकाश नाही. वरच्या दिशेने शंभर फूट.' त्याखाली, एरवी वहीत कधीच नसे असे, एक वाक्य: 'जुन्या आकड्यालाही दिसले नसते.'

वर पाहिले तर शंभर फुटांपुढे काहीच दिसत नव्हते आणि जुना आकडा त्याच्या दुपटीहून जास्त होता. म्हणजे टाकी असती काय नि नसती काय, ते विमान परतच गेले असते. चौदा वर्षे अण्णा समजत होते की आपल्या हट्टाने मुलाचे लग्न मोडले आणि मित्र गेला. ते खोडून काढणारा कागद अठरा पायऱ्या खाली होता.

मी अण्णांना पान वाचून दाखवले. त्यांनी पुन्हा वाचायला लावले.

"म्हंजी टाकीनं नाय?"

"नाही."

"तू तर व्हय म्हणला व्हतास."

"मला माहीत नव्हतं. तरी म्हणालो."

त्यांनी वही आपल्याकडे ओढली. "आन् त्यानं का नाय सांगितलं?"

"तुम्ही विचारलं तर सांगणार होते."

अण्णांनी मान हलवली. "चौदा वर्सं नळ ऐकला मी त्याचा," ते म्हणाले. "इचारायला काय झालं व्हतं मला?"

हा लेख छापायला देऊ का, असे विचारले तेव्हा ते म्हणाले, "दे. साहेबराव पेपर वाचतो."

अण्णांचा डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू पिकला आहे, शस्त्रक्रिया राहिली आहे. तरीही गेल्या रविवारी सकाळी सातला मी घरी गेलो तेव्हा ते गच्चीवर होते, खांबांच्या बुडख्यांमध्ये, नाना उभे राहत तिथे. हातात नानांची शेवटची वही होती. त्यांनी ती पेनासह माझ्याकडे दिली. "धुराडं दिसतंय," ते म्हणाले. मग दक्षिणेकडे तोंड करून कपाळावर हात धरला आणि खूप वेळ पाहत राहिले. "डोंगर नाय दिसत. लिही."

मी वेळ टाकली आणि लिहिले, 'धुराडे आहे. धुक्यामुळे डोंगर नाही.' त्यांनी वाचून दाखव म्हटले. मी वाचले.

"धुक्यामुळं खोड," अण्णा म्हणाले. "कशामुळं ते आपल्याला काय ठाव?"

मी तो शब्द खोडला. खाली नळ बंद होता. नऊ वाजायला अजून वेळ होता.